दारातला टाटा

दार उघडताच तिने दोन्ही हात पसरले... आणि तिच्या पोटच्या पोरीने तिला टाटा केला!

हो, टाटाच! आत्याच्या कडेवर बसून, आईच्या तोंडाकडे टक लावून, इवल्या पंजाची उघडझाप करत, अगदी मनापासून. मग तोंड फिरवून आत्याच्या खांद्यात खुपसलं. दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायांनी दोन जिने धावत चढून आलेली ती आई हात पसरूनच उंबऱ्यात उभी राहिली, आणि काळजात काहीतरी कचकन कापलं गेलं.

"अगं ढमे, आई आली बघ! जा, आईकडे जा," ताई हसत म्हणाल्या. ताई म्हणजे तिची थोरली नणंद. त्यांचं ते हसणं तिला आज नेमकं जिंकलेल्या माणसाचं वाटलं.

पंधरा दिवस हेच चाललं होतं. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायची. लांबच लांब टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वर खडूने बाह्या, पाठी, खिसे आखायचे आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून सरकवायचं. रेघ सुटली की चाळीस सदरे वाया, आणि नजर सुटली की बोट! हे काम ताईंनीच तिला मिळवून दिलं होतं. आधी बारा वर्षं त्याच टेबलाशी त्या स्वतः उभ्या होत्या. ढमी नऊ महिन्यांची झाली, ती कामावर परतली आणि पोरीला सांभाळायला ताई आपली भाड्याची खोली सोडून इकडे राहायला आल्या. तेव्हा किती बरं वाटलं होतं! आता मात्र घरात पाऊल टाकलं की आपणच पाहुणे आहोत असं तिला वाटायचं. ढमीला भात कोणाच्या हातचा हवा? आत्तूच्या. झोपवणार कोण? आत्तू! आणि रोज चार वाजता पायांत बूट अडकवून 'भूर' जायचं, तेही आत्तूबरोबरच.

"आज कुठे गेला होतात भूर?" तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"इथंच गं... कोपऱ्यापर्यंत," ताई म्हणाल्या आणि उगाच दूध गरम करायला उठल्या.

काय लपवतात या? बागेत नेतात? आणि तिथं चारचौघींना काय सांगत असतील, ही माझीच म्हणून? मत्सराने तिचा जीव नुसता करपून जाई. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाने परगावी असायचा. फोनवर त्याच्याकडे रडगाणं गायलं तर तो हसत सुटला.

"अगं, दीड वर्षाचं पोर ते! टाटा केला म्हणजे काय घर सोडायची नोटीस दिली का तिने तुला?"

त्याला काय जातंय हसायला! तो महिन्यातून दोनदा येई आणि ढमी त्याच्या मिशा ओढत बसे. त्याला कोणी दारातून वाटेला लावत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ढमी खुर्चीला अडखळली, कपाळावर टेंगूळ आलं. आई चटकन खाली बसली, हात पुढे केले... आणि पोर तिच्या हातांखालून सरळ पुढे पळाली, "आत्तू!" करत.

झालं! इतके दिवस ओठांशी अडवलेलं सगळं बाहेर पडलं.

"तुम्हीच शिकवलंत तिला हे! आई आली की टाटा करून वाटेला लावायचं! मी राबराब राबून यायचं आणि माझी मुलगी तुम्ही घ्यायची? तुमची कूस रिकामी राहिली ताई, त्यात माझा काय दोष? माझी ओटी कशाला रिकामी करता?"

शब्द सुटले. सुटल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकवेनात, पण आता काय उपयोग? ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कडेवरच्या ढमीचं टेंगूळ त्या फुंकर घालत चोळत होत्या, तो हात तेवढा थांबला नाही.

"बरं," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी मी मैत्रिणीकडे राहायला जाते. तू पाळणाघर बघून घे."

भांडल्या असत्या तर परवडलं असतं!

शुक्रवारी तिने रजा टाकली. पाळणाघर बघितलं, बाई बऱ्या वाटल्या, जागा स्वच्छ होती. बाहेर पडली तेव्हा चार वाजत आले होते आणि ढमी कडेवर चुळबुळत होती. 'आज भूर माझ्याबरोबर!' तिच्या मनात आलं. एक तरी दिवस माझा! पण रस्त्याचं वळण आलं आणि ढमीने जी लाथाझाडी सुरू केली, ती बागेकडे काही केल्या वळू देईना. शेवटी तिने तिला खाली सोडलं. ढमी डुगडुगत, पण चांगली वाट पाठ असल्यासारखी निघाली ती थेट कारखान्यासमोरच्या फुटपाथवर. तिथला लोखंडी कठडा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मान वर करून पलीकडच्या पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीकडे बघायला लागली.

खिडकीत निळा एप्रन घातलेली दुसरी कामगारीण टेबलावर वाकलेली होती. ढमीने तिच्याकडे बघितलं, मग वळून आईकडे बघितलं, मग पुन्हा खिडकीकडे. तिला काही केल्या हिशेब लागेना! शेवटी तिने आईकडेच तोंड करून हात वर केला आणि टाटा केला.

"आज आत्याबाई नाही आल्या?" कठड्याशेजारी बसलेल्या चावीवाल्याने हातातली कानस थांबवून विचारलं. "आणि तुम्ही त्या वरच्या ना? अहो, तुमचा भांग ओळखतो मी! तोंड आज बघतोय, मान कायम खाली तुमची."

"त्या... इथं येतात?"

"रोज चारला! पोरीला उचलून धरतात. 'ती बघ आई. आई काम करतेय. आईला टाटा कर.' पोरगी टाटा करते आणि निघायची वेळ झाली की भोकाड पसरते, आईकडे जायचं म्हणून. मी एकदा म्हटलं, हाक मारा की, बघतील वरून. तर माझ्यावरच डाफरल्या! 'हाक मारायची नाही, तिच्या हातात मशीन आहे!'"

तिने वर खिडकीकडे बघितलं. ताईंच्या डाव्या हाताचं अर्धं बोट त्याच टेबलावर गेलं होतं... दारातून कोणीतरी सहज हाक मारली होती म्हणून! आई दिसली की टाटा करायचा, एवढंच त्या बाळजीवाला ठाऊक होतं. ते हाकलणं नव्हतं, ती ओळख होती! आणि आपण काय बोलून बसलो? कूस रिकामी... देवा रे!

ती घरी पोचली तेव्हा ताईंची पिशवी भरून झाली होती, नुसती चेन लावायची राहिली होती. तिने ढमीला खाली ठेवलं आणि ताईंचे पायच धरले.

"ताई, मी कारखान्यासमोरून येतेय... मला सांगितलं का नाहीत?"

ताईंनी पाय मागे घेतले. "सांगितलं असतं तर चार वाजले की तुझी मान वर झाली असती."

"तुमचे उपकार कसे फेडू मी? आणि मी तुम्हाला काय काय बोलले!"

"ऊठ. उपकारबिपकार काही नाहीत," ताई एकदम कोरड्या आवाजात म्हणाल्या. "तू बोललीस ते अगदीच खोटं नव्हतं."

तिने चमकून वर बघितलं. ताईंचे डोळे भरून आले होते.

"दुपारी झोपून उठली की ती मला आई म्हणायला लागली होती गं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी चुकवलं. दुसऱ्यांदा मात्र... ओ दिली! मला ते गोड लागायला लागलं, म्हणून नेत होते रोज. उन्हात तिथं उभं राहून तिला सांगायचं, ती बघ तुझी आई, ती वरची. मग ती रडायची, मी तिला उचलून आणायची. तुझा मला इतका हेवा वाटायचा, की काही दिवस घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलायचीसुद्धा नाही."

आपल्यासारखंच हे माणूसही मुकाट्याने जळत होतं! आणि जळता जळता रोज चार वाजता आपली ठेव आपल्याकडे तोंड करून धरत होतं... तिला हुंदका आवरेना.

ढमी मधेच उभी राहून दोघींची रडकी तोंडं आळीपाळीने बघत होती. तिने पिशवीतला ताईंचा टॉवेल ओढून काढला आणि जमिनीवरून फरफटवत ताईंच्या मांडीशी गेली.

"म्हणू दे, ताई," ती म्हणाली. "तुम्हालाही आई म्हणू दे."

हे म्हणणं तिला जड गेलं, नाही असं नाही. पण तिने ते परत एकदा म्हटलं, या वेळी ढमीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.