टाकळीचा पूर्वस्वर

ध्वनिसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी जे वाजत होतं त्याला गाणं म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. टाकळीच्या चर्चच्या मंडळीतले लोक आपापल्या घरी बसून एकच गीत म्हणत होते आणि इथे पुण्यात त्याचा नुसता कालवा होत होता. कोणी पहिल्या कडव्यात, कोणी दुसऱ्यात, आणि पाळकसाहेब भिंगारदिवे तर 'आमेन'ला पोचलेसुद्धा होते.

"बंद कर गं बाई ते," यशयाअण्णा मुलीला म्हणाले. "यापेक्षा आठवडी बाजार परवडला."

मुलगी म्हणजे डॉ. केझिया आढाव, केंद्रातली ध्वनिशास्त्रज्ञ. कंठज्वराची साथ सुरू झाल्यावर तिनं वडिलांना टाकळीहून जवळजवळ उचलूनच आपल्याकडे आणलं होतं. हा आजार मोठा खट होता. हळू बोलण्यातून तो सहसा पसरत नसे. पण माणूस गळा मोकळा करून गायला लागला की श्वासाबरोबर विषाणूंचा फवाराच बाहेर पडे. त्यामुळे चर्चला कुलूप लागलं होतं. बाकी सगळ्याला मंडळीनं वाट काढली होती. पाळकसाहेब स्कूटरवरून घरोघर जात, उंबऱ्याबाहेर उभं राहून हळू आवाजात प्रार्थना करत. प्रभुभोजनाची भाकर झाकलेल्या डब्यांतून दारात पोचे. आजाऱ्यांना जेवण कोणी द्यायचं यावरून बायकांची भांडणंसुद्धा पूर्वीसारखीच होत. अडलं होतं फक्त गाण्याचं.

आणि अण्णांचं सगळं आयुष्य त्या गाण्यात गेलं होतं. चाळीस वर्षं टाकळीच्या चर्चमध्ये पुढे उभं राहून त्यांनी मंडळीला गायला लावलं होतं. आता छाती कमजोर झाली होती, जिना चढताना धाप लागे, पण हट्ट तसाच होता.

"मंडळीला एकत्र गाता येणार नसेल, तर मी पहिल्या एसटीनं टाकळीला चाललो," त्यांनी जाहीर केलं होतं. "चर्च उघडून एकटा गाईन. येईल त्याला येऊ दे."

अण्णा गायला लागले तर अख्खी टाकळी धावत येणार, आणि त्यातून अण्णा वाचणार नाहीत, हे केझियाला स्वच्छ दिसत होतं.

"उशीर टळणारच नाही," तिचा सहकारी डॉ. नीरज बोधनकर म्हणाला. "आवाज टाकळीहून इथे यायचा आणि सगळ्यांकडे परत जायचा. बोलताना एवढं कळत नाही. गाताना मात्र जो तो दुसऱ्यासाठी थांबतो आणि सगळेच मागे पडतात."

"मग थांबायचंच नाही," केझिया म्हणाली. "आमच्या मंडळीतल्या राहेलबाई पुढच्या क्षणाला काय गाणार, कुठे खेचणार, हे मला आधीच ठाऊक असतं. लहानपणापासून ऐकतेय. मला जमतं ते यंत्राला का जमू नये? ते प्रत्येकाचा गळा शिकेल, त्याचा पुढचा सूर आधीच ओळखेल आणि तो बाकीच्यांना पाठवेल. मागाहून खरा आवाज आला की आपला अंदाज दुरुस्त करेल. याला आपण पूर्वस्वर म्हणू."

"म्हणजे कानावर पडेल तो त्या माणसाचा आवाज नसेलच."

"त्याचाच असेल रे. त्यानं काढायच्या जरासा आधी, इतकंच."

"आणि नेट गेलं तर? टाकळीचं नेट म्हणजे..."

"आवाज यायचा थांबला की यंत्र समजेल, नेट गेलं. मग ते भरणी करेल. आजूबाजूचे काय गातायत त्यावरून हा माणूस काय गात असेल ते काढता येतं."

बोधनकरनं मान हलवली. "सगळ्यांचंच गेलं तर यंत्र स्वतःच्याच अंदाजांवर अंदाज बांधत बसेल. एका कडव्यात विचका होईल."

"एक आवाज खरा असला तरी पुरे. बाकीचे त्याला धरून राहतील. आणि अख्खी मंडळी एकदम गप्प बसेल असं वाटतं तुला? तू आमची माणसं पाहिलेली नाहीस!"

महिन्याभरात घरोघरी एकेक पेटी पोचली. तिच्यावर हिरवा दिवा लागला की सुरू करायचं. चित्र पाठवलं तर आवाजाला जागा पुरत नसे, म्हणून कोणी कोणाला दिसत नव्हतं. प्रत्येकाच्या कानात स्वतःचा सोडून बाकी सगळ्यांचा आवाज. पहिल्या रविवारी दिवा लागला, आणि टाकळीची मंडळी एका सुरात गायली. अण्णा प्रयोगशाळेतल्या काचेच्या खोलीत पेटीपुढे बसले होते, केझिया बाहेर आपल्या पेटीपुढे. गीत संपल्यावर ते बाहेर आले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. एसटीचं नाव निघालं नाही.

पण पुढे दर रविवारी गाणं थोडं थोडं संथ होत गेलं. सूरही खाली उतरायला लागला. लोकांनी कान देऊन ऐकलं आणि सगळ्यांचं बोट एकाच घराकडे गेलं.

राहेलबाई उजगरे! वय झालेलं, कान जवळजवळ गेलेले, आवाज मात्र खणखणीत. कानात घालायची नळी त्यांनी पहिल्याच दिवशी परत केली होती. "मला काही ऐकू येत नाही त्यातून, उगाच गुदगुल्या होतात. दिवा लागला की मी सुरू करते, तुम्ही या मागून!"

"केझिया," अण्णा एक दिवस खाली मान घालून म्हणाले, "तेवढा राहेलचा आवाज बाजूला काढ बाई. मंडळीच्या पंचांचंही तेच म्हणणं आहे."

"अण्णा! त्या मंडळीतल्या नाहीत का?"

"आहे गं. पण तिला कुठे कळणार आहे? आणि हे असंच रडतखडत चालणार असेल, तर मी आपला टाकळीला गेलेला बरा."

केझियाला ते मुळीच पटलं नाही. पण अण्णांची धाप तिला रोज ऐकू येत होती. रविवारी तिनं राहेलबाईंचा आवाज यंत्रापासून तोडला आणि मन मारून बसून राहिली.

दिवा लागला. पहिल्या दोन ओळी झकास गेल्या. मग शब्द एकमेकांत मिसळायला लागले. तिसऱ्या ओळीला सगळे आवाज एकाच सुरावर गुणगुणत राहिले, चौथीला ते सैरभैर झाले, आणि टाकळीचं गाणं थांबलं.

"नेट गेलं वाटतं," केझिया म्हणाली.

"कुणाचंही गेलेलं नाही." बोधनकर पडद्याकडे बघत होता. आजवर दोघंही यंत्रातून बाहेर पडणारं गाणंच ऐकत आले होते. घराघरातून आत काय येतंय ते त्यानं आज प्रथमच उघडलं होतं. तिथे यंत्राला जोडलेल्या प्रत्येक नावापुढे सरळ, सपाट रेघ होती. पाळकसाहेबांची. पंचांची. खुद्द केझियाचीसुद्धा. यशया आढाव या नावापुढचीही.

तिनं वळून काचेच्या खोलीत पाहिलं. अण्णा तोंड मिटून बसले होते.

"अण्णा, तुम्ही गात नव्हता?"

अण्णा चोरी पकडल्यासारखे उठले. "दुसऱ्या रविवारपासूनच नाही गं. चाळीस वर्षं मी पुढे उभा राहून माझाच आवाज ऐकला. मंडळी कशी गाते, ते मला कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं. इतकी गोड गाते, केझिया! म्हटलं, आपण जरा गप्प बसावं. माझ्या एकट्यानं काय अडतंय?"

तोवर फोन वाजायला लागले होते. पाळकसाहेबांनी ओशाळून कबुली दिली की ते नुसतं ऐकत होते. एकट्यानं राहून राहून माणसांच्या आवाजाची भूक लागली होती. मग पंचांपैकी एकाचा फोन, मग दुसऱ्याचा. जो तो माफी मागत होता आणि जो तो म्हणत होता, गप्प मी एकटाच होतो हं. केझियाला कोणावर रागावताही येईना. पहिल्या ओळीनंतर डोळे मिटून तीही तेच करत आली होती.

"मग इतके रविवार आपण ऐकलं काय?" अण्णांनी विचारलं.

"राहेलबाईंना," बोधनकर म्हणाला. "एक त्यांचा आवाज खरा होता. गप्प बसलेल्याचं नेट गेलं असं समजून बाकी सगळी मंडळी यंत्रानं त्यांच्या मागून चालवली. म्हणून तर गाणं संथ होत गेलं."

"पण तीच कशी गात राहिली?"

"त्यांना तुम्ही ऐकू येत नव्हता, अण्णा," केझिया म्हणाली. "ऐकत बसायची सोयच नव्हती त्यांना. तुम्ही सगळे गाताय असं धरूनच त्या गात होत्या."

पडद्याच्या कोपऱ्यात यंत्रापासून तोडलेली राहेलबाईंची रेघ अजून उड्या मारत होती. केझियानं भरणी कायमची बंद केली आणि राहेलबाईंचा आवाज मोकळा सोडला. बाई तिसऱ्या कडव्यात होत्या. बेसूर, संथ, पण एक शब्द गाळलेला नव्हता. टाकळीतल्या घराघरात तो एकटा आवाज गेला.

अण्णा काचेच्या खोलीत परत गेले. त्यांनी राहेलबाईंचाच सूर धरला, त्यांच्याच चालीनं, आणि हळूहळू म्हणायला लागले. धाप लागली तिथे थांबले, पुन्हा सुरू झाले. मग पाळकसाहेब आले, मग एकेक करत सगळी सपाट नावं हलायला लागली. चौथं कडवं मंडळीनं राहेलबाईंच्या मागून म्हटलं आणि 'आमेन'ही त्यांच्याच मागून.

"छान म्हणता रे सगळे!" गीत संपल्यावर राहेलबाई नेहमीप्रमाणे पेटीत ओरडल्या. "मला आपलं वाटतं हं, ऐकू नसेना का येत!"

अण्णा हसायला लागले आणि हसता हसता रडले.