ब्रेंडलसाहेबांचं लोखंडी पदक

पवनारहून पिपरी मेघेपर्यंत कुंताबाई भर उन्हात आली आणि दारातच म्हणाली, "ताई, पाच वाजता माह्ये मालक मनोहरराव पोलिसाईले बोलावतीन. त्याच्या आंधी मी चोर नाई, हे कोनीतरी सांगा."

नंदिनी थूल खासगी तपास करायची. सोबतीला हरिदास, कीर्तनात मृदंगावर बसणारा. हाताची लय द्रुत, डोक्याची जरा विलंबित. तिघं ऑटोनं निघाले आणि वाटेत सगळं कळलं.

महायुद्धात जर्मनीचं बॉम्बफेकी विमान चालवणारे ओटो ब्रेंडल पुढे पश्चात्तापानं पवनारला आले, मनोहररावांच्या वडिलांकडे राहिले, तिथंच वारले. मागे राहिलं ते शौर्याचं पदक, काळा लोखंडी क्रूस. आज त्यांची नात ते न्यायला येणार होती. पाहुणीसाठी कुंताबाईनं सकाळी घरची भांडी चिंचेनं घासली, सोबत पदकही घासलं. काळा रंग निघाला आणि आतून पिवळंधमक पितळ दिसलं. कुणीतरी पदक बदललं होतं. मनोहररावांनी अख्ख्या गल्लीसमोर तिला चोर म्हटलं.

मनोहरराव सत्तरीचे. बंडीच्या खिशावर सारखा हात. छातीत कळ येत असेल, असं वाटून हरिदासनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. पदकाच्या पेटीची किल्ली एकच, आपल्या करदोट्याला असते, असं ते म्हणाले. सकाळी पेटी उघडून आपण आंघोळीला गेलो, तेवढ्यात बाईनं डाव साधला.

पुतण्या पीयूष आज दुपारीच पुण्याहून आला होता. दिवाळीत काढलेला पदकाचा फोटो त्यानं मोबाइलवर दाखवला. नंदिनीनं तो मोठा केला. क्रूसाच्या कोपऱ्यात तांबूस गंज होता.

तिनं फ्रिजवरचं चुंबक काढून हातात घेतलं. पूर्वरंग संपवून बुवा क्षणभर थांबतात, तशी थांबली.

"पितळेला गंज चढत नाही. म्हणजे दिवाळीत पेटीत खरं पदक होतं. त्यानंतर पीयूष आला तो आज, पदक घासून झाल्यावर. पेटी कुंताबाईच्या हाती लागली तीही आजच. आणि नक्कल तिनं ठेवली असती, तर स्वतःच घासून उघडी पाडली असती? उरला किल्लीवाला."

तिनं चुंबक मनोहररावांच्या खिशाजवळ नेलं. टक् करून ते कापडाला चिकटलं.

हरिदासचा पेला हातातच राहिला.

"ब्रेंडलसाहेबाईनं मले खांद्यावर बसवून धाम नदी दाखवली," मनोहरराव पुटपुटले. "त्याईचं एक तरी जवळ राहो म्हनलं. नात नक्कल घेऊन गेली असती. बाईनं घासलं, अन् भेवानं माह्या तोंडून चोर निघालं. कुंते, माफ कर."

हरिदासचे डोळे भरून आले. कुंताबाईचे कोरडेच होते.

"माफी घरात नोका मांगू."

बाहेर गाडी थांबली. पाहुणी पाहायला गल्ली फाटकाशी गोळा झाली होती. मनोहरराव पदक तळहातावर घेऊन अनवाणी बाहेर गेले. पाहुणीकडे नाही, आधी शेजाऱ्यांकडे वळले.

"कुंताबाई चोर नाई. चोर मी हाव."

कुंताबाईनं पदर नीट केला. "उद्यापासून दुसरी बाई पाहा," एवढंच म्हणाली आणि सगळ्यांदेखत, मान वर करून, फाटकाबाहेर पडली.