दक्षिणेचं दार

"ओ साहेब, तुम्ही माझ्या बांधाच्या आत उभे आहा."

हातात बांबूची काठी घेतलेला तो माणूस दचकला, खाली पाहत मागे सरला... आणखी आत.

"आता अजून आत आले."

"मंग बाहीर कुठी आहे, तेच सांगा न बाई," तो हसून म्हणाला.

बाबा चैत्रात गेले. तेव्हापासून मी हसणारी माणसं टाळत होते. हा मात्र रोज दिसू लागला. खुशाल, सरकारी ओव्हरसियर. साल एकोणसाठ. पूर्व बंगालातून उठून आलेली चाळीस कुटुंबं चांद्याच्या स्टेशनावर पडून होती. मृगाआधी त्यांच्यासाठी वैनगंगेकाठी बांबूच्या झोपड्या उभ्या करायच्या होत्या आणि जागा अपुरी पडत होती. बाबांचं शेत यंदा पडीकच राहणार होतं. मी म्हटलं, घ्या.

मग मीही जाऊ लागले. घरात बसवत नव्हतं. भिंतींचे बांबूचे तट्टे मोज, दोर दे, उगाच फीर... मजूर त्याला खुशालभाऊ म्हणत. मी काहीच म्हणत नव्हते.

"मले आवाज द्याचा असन तं नाव घ्या न. 'ओ' तं बैलाले म्हनतात."

"बैल बांध ओळखतो."

ट्रक आले. पांढऱ्या साडीतली एक म्हातारी उतरली, पहिल्या झोपडीभोवती फिरली आणि बाहेरच गाठोड्यावर बसली.

"दरवाजा दक्षिण में चाहिए. हवा उधर से आता है."

तिच्यामागे सगळेच बसले. मार्कंड्याच्या देवळाच्या बाजूला आभाळ काळवंडत होतं.

आम्ही दारं पूर्वेला ठेवली होती. लटारू मिस्त्रीने कोयता खाली ठेवला. "दक्षिणेले? यमाची दिशा होय ते. माया हातून नाई होत, भाऊ."

बाकीचेही मागे सरकले. खुशाल म्हातारीकडे जाई, लटारूकडे येई, पुन्हा म्हातारीकडे. कोणी हलेना.

बाबांसाठी मी दहा दिवस दक्षिणेकडे वात केलेला दिवा जपला होता. मी कोयता उचलला.

"तुम्ही नका, बाई — तुमच्या घरी आत्ताच..." खुशाल म्हणाला.

"म्हणूनच. दोन महिने त्या दिशेकडे पाहून राह्यले मी. तिकडून कोणी येत नाई. वारा येत असन तं येऊ द्या."

दक्षिणेकडचा तट्टा जाड होता. घाव सरकत होते.

"धरा न, खुशाल!"

त्याने पलीकडून धरला. कापता कापता हाताला हात लागला... कोणीच काढला नाही. म्हातारी वाकून आत गेली. तिचा पदर वाऱ्याने फुगला.

लटारू पुढे आला. "कापलं तं कापलं, पण असं वाकडं?" म्हणत त्याने माझ्या हातून कोयता घेतला. पाऊस येईस्तोवर पंचवीस दारं झाली. उरलेली दुसऱ्या दिवशी.

आठवड्याने खुशालला धानोऱ्याच्या कामावर जायचा हुकूम आला. तो सायकलला वळकटी बांधत होता. बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"काऊन, दोर पुरत नाई?"

"पुरते... मले एक बोलाचं होतं. पण तुमचं दुःख ताजं आहे. म्हनलं, दिवाळीनंतर यावं, मंग—"

"दिवाळीनंतरही ते असनच," मी म्हटलं. "ते जायची वाट नका पाहू. बोला."

तो बोलला. एका दमात, खाली बघून, लग्नाचंच.

मी रडत होते. पण 'हो' अगदी स्पष्ट म्हटलं.