दारातली बाहुली

ही गोष्ट घडलेली आहे. मी तिथंच होते, म्हणून सांगते. पटवून घ्यायचं की नाही ते तुम्ही बघा.

दोन हजार पंधराचा दुष्काळ. बीड बायपासला नव्या रो-हाउसच्या रांगेत माझ्या धाकट्या जावेचं, सुरेखाचं घर. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. ऊन अजून उतरायचं होतं.

त्या दिवशी सुरेखाला काय मिळणार होतं, ते आधी मांडते. वाळूजला स्वतःचं वर्कशॉप असलेल्या घरात लेक पडणार होती. कॉलनीत मान वर होणार होती. आणि गावाकडच्या, पाचोडच्या भावकीचं तोंड कायमचं बंद होणार होतं. बोलणी झालेलीच होती. होणाऱ्या विहीणबाई, मालनबाई, हळदीकुंकवाच्या निमित्तानं फक्त घर बघायला येणार होत्या.

लेक म्हणजे सई. पॉलिटेक्निक झालेली, हातात कायम सोल्डरिंगची कांडी. तिनं दारात एक बाहुली उभी केली होती. पुठ्ठ्याची, नऊवारी नेसवलेली. खांद्यात अन् कोपरात सर्व्हो मोटारी, पाठीत त्या मोटारींना हुकूम देणारा आर्डुइनोचा बोर्ड, पुढं सेन्सर. समोर बाई आली की सेन्सर तिची उंची बघायचा, हात तेवढा वर-खाली व्हायचा आणि कुंकवाची कोयरी पुढं यायची. बाई सरकली की हात मागं.

येईल तिला सुरेखा ऐकवत होती, "माणूस एखादीला विसरंल. माझी बाहुली नाय विसरायची."

मी गालात हसले. त्या घरात मुद्दाम कुणाला विसरायचे, ते मला ठाऊक होतं.

मनकर्णा आत्या. आमच्या सासऱ्यांची बहीण. कोवळ्या वयात विधवा झालेली, आता कमरेत पार वाकलेली. सुरेखाकडंच राहायची. हळदीकुंकू असलं की तिला काहीतरी काम काढून बाहेर पाठवायचे. आदल्या वर्षी याच दिवशी टँकरच्या रांगेत बसवलं होतं, ड्रम राखायला.

तिथं उन्हात, ड्रमला टेकूनच ती गेली.

आतल्या बायका हळदीकुंकू आटपून उठेपर्यंत तिला बघायला कुणी गेलं नाही.

लोकांना सांगितलं, झोपेत गेली.

तर मालनबाई आल्या. बाहुलीनं कोयरी पुढं धरली. बाई लई खूश. "पोरगी गुणाची दिसती," म्हणत बैठकीत बसल्या. सगळ्या बायका आत. दार उघडं, दारात कुणी नाही.

आणि...

घुर्रर्र...

बाहुलीचा हात पुढं आला.

सुरेखा म्हणाली, वाऱ्यानं झालं असंल. दाराचा पडदा तसूभर हलत नव्हता.

हात खाली उतरायला लागला. माझ्या उंचीच्या खाली. आलेल्यांतल्या सगळ्यात बुटक्या बाईच्याही खाली...

कमरेत वाकलेल्या माणसाच्या कपाळापाशी येऊन थांबला.



सईनं उठून प्लग काढला. करंट गेला की ती मोटर ढिली पडते, हे तिनंच मला मागून सांगितलं. कोयरीच्या वजनानं हात लोंबायला पाहिजे.

हात... तसाच राहिला.

"आत बॅटरी असंल," सुरेखा म्हणाली.

"बॅटरी लावलेलीच नाय, आई."

मालनबाईंनी मान वळवली. "कोण आलंय दारात?"

"कुणी नाय हो." सुरेखानं ओटीचा नारळ उचलला.

सई दारापाशी गेली. रिकाम्या जागेला म्हणाली, "आत्याआजी, घ्या ना."

हात हलला नाही.

ती आईकडं वळली. "माझ्यानं नाय व्हायचं. तू बोलव तिला."

'आत्या, या', एवढ्या दोन शब्दांचं काम होतं. पण ते उच्चारले की गेल्या वर्षीचं सगळं विहीणबाईंसमोर उघडं पडणार. सुरेखानं दाराकडं बघितलं. मग मालनबाईंकडं बघितलं.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली. "उचल ते."

आम्ही इतक्या जणी होतो. एकीनंही या म्हटलं नाही.

प्लग फरशीवर पडलेला...

घुर्रर्र...

हात हळूहळू मागं गेला. कोयरीतल्या कुंकवाला कुणाचं बोट लागलं नव्हतं.

मग सईनं सगळं सांगून टाकलं. टँकर, ऊन, ड्रम. मालनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, ओटी न घेता निघाल्या. चौथ्या दिवशी निरोप आला. म्हातारीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. बाधा असलेल्या घरातली पोरगी नको, एवढंच.

सईनं शपथ घेतली की बाहुलीच्या प्रोग्रॅममध्ये तिनं वेगळं काही लिहिलं नव्हतं. माझा विश्वास आहे. लिहिलं असतं तरी बिनकरंटाचा हात कशानं धरून राहिला असता?

आजही माझ्याकडं हळदीकुंकू असलं की मी दाराकडं पाठ करून उभी राहते. बघवत नाही. कुणी थांबलं असलं तर...

सुरेखाचं म्हणाल तर तिनं बाहुली जाळली, घराला नवा रंग दिला, वर्षभरात तिचा मान जिथल्या तिथं आला. सई पुण्याला गेली. महालक्ष्म्यांना येत नाही.

जीव आत्याचा गेला, सोयरीक सईची मोडली. आम्ही बाकीच्या त्या संध्याकाळी पुरणपोळी जेवूनच घरी गेलो.