तीनवार

कावळ्याला हाकलायला हात वर केला आणि बांगड्याची अख्खी टोपली माझ्या गळ्यात पडली.

नव्व्याण्णव सालचा ऑगस्ट. नारळी पौर्णिमा झाली होती, मिरकरवाड्याच्या धक्क्याला बोटी पुन्हा माल घेऊन लागल्या होत्या. मी आपली कोळंबी सोलायला आलेली. लिलावात माझं काय काम? गर्दीच्या कडेला उभी राहून नुसती बघत होते. वरून भुरभुर पाऊस, आणि एक मेला कावळा सारखा डोक्यावर. हात उचलला तोच लिलाव पुकारणारा ओरडला, "तीनवार! माल हिरव्या ओढणीचा. नाव?"

सगळं बंदर माझ्याकडे वळलं. तोंडातून कसंबसं निघालं, "फैझानची बायको."

फैझानला समुद्राने गिळून दोन वर्षं झाली होती, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पुकारणारा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला. "माल तू घेतलास ना?" तो हळूच म्हणाला. "मग नाव तुझं सांग गो."

"मी कावळा हाकलत होते!"

तो असा हसला की माझे कान तापले. "कावळ्यानं बोली बरी लावलान," म्हणत त्याने टोपली दुसऱ्याला देऊन टाकली. जाताना पुन्हा वळला. "नाव राहिलं."

"हफीजा," मी पुटपुटले.

हा यासीन.

हा सगळा तमाशा देवरूखच्या मैनाताईंनी पाहिला होता. एकट्याने पोरं वाढवणाऱ्या बायांचा गट त्या बांधत होत्या. कोणाचा नवरा गेलेला, कोणाचा पळालेला. प्रत्येकीला बर्फाची पेटी आणि पहिल्या महिन्याच्या मालापुरतं भांडवल मिळणार होतं. "पण माल लिलावातून स्वतः उचलायचा," ताई म्हणाल्या. "व्यापाऱ्याकडून घेतलात तर जन्मभर त्याचीच टोपली वाहाल."

आम्ही आठ जणी तयार झालो. अडचण एकच होती. लिलावात एकीचंही तोंड उघडेना. घरात आम्ही कौलं उडतील अशा भांडायचो, पण बाप्यांच्या घोळक्यात घशाला कुलूप. शेवटी ताईंनी यासीनलाच गाठलं.

मग दुपारी, धक्का रिकामा झाला की, आमची शाळा भरायची. यासीन समोर शिंपल्या मांडायचा आणि पुकारायचा. "एकवार… दोनवार… आता बोलायचं. तीनवार झाल्यावर कितीही बोललीस तरी फुकट, माल गेला! बोल हफीजा."

"वीस."

"कोणाला सांगतेस, शिंपलीला? त्या टोकाच्या बोटीपर्यंत ऐकू जाऊ दे."

"तिकडे कोण हाय माझं?"

"इकडं तरी कोण हाय?" तो बोलून गेला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. माझ्या शेजारी आमच्या गटातली हौसा बसली होती. तिला नेमका तेव्हाच खोकला आला.

मी ओरडायला शिकले. आधी शिंपल्यांवर, मग खऱ्या बांगड्यावर. दिवाळीपर्यंत माझा आवाज उठला की व्यापारी माना वळवायचे. लिलाव पुकारताना यासीन माझ्याकडे मुद्दाम बघायचा नाही — कोणी म्हणायला नको की मला झुकतं माप देतो. पण माझी बोली लागली की त्याच्या ओठाचा एक कोपरा वर जायचा. त्या कोपऱ्यासाठी मी पहाटे आरशात दोनदा बघू लागले होते. खोटं कशाला बोलू?

पेटीवर नाव त्यानेच घातलं. बोटींवर नावं रंगवतात त्याच निळ्या रंगाने, जीभ दातात धरून. "पुढं काय लिहू? फैझान?"

"नको. नुसतं हफीजा. आणि… 'ह' वाकडा झालाय, यासीन."

तोवर मी त्याला यासीनभाय म्हणत होते. त्या दिवशी 'भाय' घशातच राहिला. त्याचा ब्रश थांबला. त्याने मान वर केली नाही, पण 'जा' लिहायला त्याला केवढा वेळ लागला! माझी सहा वर्षांची उझमा पेटीवर बसायला निघाली, तर तो घाईने म्हणाला, "ओलं हाय गो बाळा." माझ्या लेकीला इतक्या मायेने बरेच दिवस कोणी काही म्हटलं नव्हतं.

मे संपत आला. पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढायचे दिवस. धक्क्याच्या टोकाला तो मला म्हणाला, "अम्मीला सांगितलं मी. ती तयार हाय… उझमासकट."

मला वाटलं, आता नाचावं इथेच, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

"फक्त एक कर," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "पेटी हौसाला देऊन टाक. सून बंदरात ओरडलेली अम्मीला चालायची नाय. माझा थोरला, अयूबभाय, कुवेतहून पैसे पाठवतो, मी कमावतो, तुला काय कमी पडणार? मी हाय ना."

मी हाय ना. फैझान बोटीवर जाताना रोज हेच म्हणायचा. तो गेला तेव्हा टोपलीभर मासळी केवढ्याला जाते तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. उझमाला दोन दिवस मी नुसत्या पेजेवर ठेवलं होतं.

"अम्मीचं कळलं," मी म्हटलं. "तुला चालेल, मी ओरडलेली?"

"लोक बोलतात गो."

"शिकवताना नाय बोलले?"

"तेव्हा तू माझी नव्हतीस."

बस. ह्याच माणसाने माझ्या घशाचं कुलूप काढलं होतं, आणि किल्ली आता त्याला आपल्या खिशात हवी होती. माझं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. होतं.

त्याने हसायचा प्रयत्न केला. शाळेतल्यासारखाच पुकारला, "एकवार…"

मी तोंड मिटून उभी राहिले.

"दोनवार…" त्याचे डोळे भरले होते. "बोल ना, हफीजा."

तिसरं त्याच्या तोंडून निघेना. ज्याचा आवाज कधी अडला नाही, तो यासीन अडला होता.

"तीनवार," मीच म्हटलं आणि पेटी उचलून चालू लागले.

त्यानंतर मी रडले. उझमा शाळेत गेली की रडायचे, ती आली की तोंड धुवायचे.

ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा लागल्या. त्याचं लग्न ठरल्याचं हौसाने सांगितलंच होतं. मी सुरमईच्या ढिगासमोर उभी राहिले, दोन व्यापाऱ्यांना मागे सारून बोली लावली. त्याच्या ओठाचा कोपरा जागचा हलला नाही.

"तीनवार!" तो ओरडला. मग खाली बघत, जणू मला कधी पाहिलंच नाही असं विचारलं, "नाव?"

पेटीवरचं निळं नाव त्याच्या पायाशीच होतं.

"हफीजा," मी म्हटलं, टोकाच्या बोटीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. "नुसतं हफीजा, यासीनभाय."