पाच पैशांची मुभा

गुंडाप्पा हेरवाडेला माज आला आहे, हे आक्कांचं मत आता पक्कं झालं होतं. एकतीस वर्षं दर सोमवारी सकाळी तो मगदूम पेढीच्या पायरीवर चपला काढायचा, घुंगरांची पुडी गादीवर ठेवायचा, चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायचा आणि पुढच्या आठवड्याची चांदी घेऊन जायचा. आता सलग आठ सोमवार कोरडे गेले. पुडी नाही, माणूस नाही, साधा निरोप नाही.

"कुणीतरी किलोमागं चार रुपये जास्त दाखवले असतील," आक्का तराजूची पारडी पुसत म्हणाल्या. "गेला तर जाऊ दे. खरं जाताना तोंडानं सांगून जायला जीभ झिजत हुती काय त्याची? ह्याच्या पोरीच्या लग्नात मी तीन दिवस पंगती वाढल्यात."

समोर त्यांची नातसून त्रिशला नव्या पैंजणांचा जोड तपासत होती. त्याला लावलेली घुंगरं यंत्रावर पाडलेली होती. दिसायला एकसारखी, पण जोड हलवला की पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज यायचा. तिनं तो मुकाट्यानं डब्यात ठेवला.

हुपरीत पैंजण एका घरात तयार होत नाही. एक घर साखळी ओढतं, दुसरं कड्या जोडतं, तिसरं घुंगरं करतं, चौथं झिलई देतं. पेढी चांदी देते, घरं मजुरीचं बिल देतात. त्रिशलाच्या भाषेत ती घरं म्हणजे 'पुरवठादार'. आक्कांच्या भाषेत ती माणसं.

"त्रिशला, मान वर कर," आक्का म्हणाल्या. "मी गुंडाप्पाला शिव्या द्यायला लागले की तू मान खाली घालतीस. आठ सोमवार बघतीया मी. काय झालंय?"

त्रिशलानं सुस्कारा सोडला. "त्यांची बिलं अडली आहेत, आक्का."

"कुणी अडवली?"

त्रिशलानं भिंतीकडे पाहिलं. तिथं, तराजूच्या वर, काळ्या काचेची एक पाटी होती. तिचं नाव ताळणीस. चिटणीस, फडणीस तसा ताळणीस. यंत्र विकणाऱ्या कंपनीला जुन्या वळणाचं नाव हवं होतं. गेल्या दोन वर्षांत बाजारपेठेतल्या बहुतेक पेढ्यांवर तो आला होता. पुरवठादारानं बिलात लावलेला कर आणि कायद्यानं बसणारा कर यांचा तो मेळ घ्यायचा. मेळ बसला नाही, तर बिलावर हरकत. एकाच माणसावर तीन हरकती झाल्या, की नोंद पतसाखळीत. पतसाखळी म्हणजे सगळ्या पेढ्यांच्या ताळणिसांची एकमेकांना जोडलेली वही. तिथं नाव लागलं, की गावातल्या कुठल्याही पेढीला त्या माणसाकडून काम घेता येत नसे.

"बोल की रे," आक्का पाटीला म्हणाल्या. यंत्राला त्या 'अरे' म्हणत. तेवढाच काय तो त्यांनी त्याला दिलेला मान. "काय केलं गुंडाप्पानं?"

"हेरवाडे यांच्या तीन बिलांवर तीन हरकती आहेत," ताळणीस म्हणाला. त्याचा आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा धुतलेला होता. "प्रत्येक बिलात कर पाच पैसे कमी आकारला आहे."

"किती?"

"पाच पैसे. मजुरी चार हजार एक रुपया. त्यावर पाच टक्के म्हणजे दोनशे रुपये पाच पैसे. त्यांनी दोनशे लिहिले."

आक्कांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "अरे, त्यो एक रुपया मजुरीचा न्हवं. शकुनाचा हाय. हिशेब शून्यावर संपवायचा न्हाई म्हणून ह्याचा बाप बी एक रुपया चढवायचा. शकुनावर कुणी कर लावतंय व्हय?"

"कायद्याला शकुन ओळखता येत नाही, आक्का," त्रिशला हळूच म्हणाली. "बिलात मजुरी म्हणून लिहिला, की त्यावर कर बसतो."

आक्कांना हे मोडून काढता आलं नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. "बरं, चूक हाय. पाच पैशाची. एवढं डोळ्याआड करायला काय जातंय तुमचं?"

"तेच तर," त्रिशला जवळ येऊन बसली. "किती फरक डोळ्याआड करायचा, हे प्रत्येक पेढीनं ठरवायचं असतं. त्याला मुभा म्हणतात. गेल्या वर्षी मी पाच रुपयांची मुभा ठेवली होती. पाच रुपयांच्या आतला फरक असला, तर ताळणीस काही बोलायचा नाही."

"मग?"

"मग काय. खोकेवाल्यांची, तारवाल्यांची, ॲसिडवाल्यांची बिलंसुद्धा आता यंत्रंच बनवतात. त्या यंत्रांना आपली मुभा कुणी सांगितली नव्हती. पण एखादं बिल दोन रुपयांनी जास्त आलं, पास झालं. पुढचं तीन रुपयांनी. एकदा सहा रुपयांनी आलं, अडलं. चाचपत चाचपत त्यांना आपलं कुंपण सापडलं. चार महिन्यांत प्रत्येक बिलात चार रुपये नव्वद पैसे जास्त कर यायला लागला. जास्तीचा कर सरकारात जात नव्हता, त्यांच्याच खिशात राहत होता. वर्षाचे सत्तर हजार गेले आपले. म्हणून मी मुभा शून्य केली."

सत्तर हजारांची गोष्ट तिनं घरात कुणाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी आक्कांनी किल्ल्या तिच्या हातात दिल्या, तेव्हा चार नातेवाईक हसले होते.

आक्कांनी पाटीकडे बोट केलं. "गुंडाप्पाला काय लिहून धाडलं ह्यानं? वाच."

त्रिशलानं वाचलं. "आपल्या बिलांत फसवणुकीची शक्यता आढळल्याने मगदूम पेढी आपले काम थांबवत आहे. कळावे, पद्मावती मगदूम."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. आक्का आपलं नाव ऐकून घेत होत्या. फसवणूक हा शब्द आणि त्यांचं नाव, दोन ओळींत, शेजारी शेजारी. गुंडाप्पानं ते वाचलं असणार. नाही, आकड्यांपलीकडे वाचता कुठलं येतंय त्याला. फोननं मोठ्यानं वाचून दाखवलं असणार, घरात सगळ्यांसमोर.

"मी काढते शून्य," त्रिशला म्हणाली. "एक रुपयाची मुभा ठेवते."

"मग सगळी यंत्रं एक रुपयाला येऊन बसतील. सत्तर हजाराच्या जागी चौदा जातील. तोटा कमी करून काय मिरवायचं हाय?" आक्कांनी पदर खोचला. "ए ताळणीसबुवा, खोकेवाल्याच्या बिलातला फरक एकेक करून सांग. पहिल्यापासनं."

"ऐंशी पैसे जास्त. दोन रुपये जास्त. तीन रुपये दहा पैसे जास्त. सहा रुपये जास्त, हरकत. चार रुपये साठ पैसे जास्त. चार रुपये नव्वद पैसे जास्त. चार रुपये नव्वद पैसे जास्त…"

"बास. आता गुंडाप्पाचा."

"पाच पैसे कमी. पाच पैसे कमी. पाच पैसे कमी. माझ्याकडे सात वर्षांची जुनी बिलंही आहेत. सगळ्यांत पाच पैसे कमी."

"ऐकलंस?" आक्का त्रिशलाला म्हणाल्या. "आता मी सांगते ते ध्यान देऊन ऐक. कारागिराला किलोभर चांदी दिली, तर किलोभर परत येत न्हाई. थोडी कानशीत जाते, थोडी मुशीत चिकटते. त्याला आपण घट म्हणतो. माझ्या सासऱ्यानं घटीची हद्द दहा ग्रॅम ठेवलेली. तीन कारागीर होते. एकाची घट कायम आठ. दुसऱ्याची कायम सहा. तिसऱ्याची आधी पाच, मग सात, मग नऊ, मग साडेनऊ, आणि तिथंच बसली. चोर कोण?"

"तिसरा."

"तिघंही दहाच्या आत होते. मग कसं कळलं?"

त्रिशलानं बोटांवर आकडे मोजले. पाच, सात, नऊ, साडेनऊ. मग हळूच म्हणाली, "त्याची घट सरकत होती. हद्दीकडे."

"आणि आपल्याच फायद्याकडं. सरळ हाताची चूक एका जागी बसून राहते. लबाडाची चूक चालत जाते. म्हणून सासऱ्यानं पुढं एकच हद्द ठेवली न्हाई. प्रत्येकाच्या हाताची घट वेगळी लिहिली आणि ती कुणाला सांगितली न्हाई. गुंडाप्पाची घट मला आजपण तोंडपाठ हाय. ह्या यंत्राला तू सांगितलीस काय कधी?"

"मर्यादा रकमेवर नाही, हातावर ठेवायची," ताळणीस म्हणाला. तो प्रश्न होता की विधान, हे त्याच्या आवाजावरून कळेना. "प्रत्येक पुरवठादाराच्या मागच्या फरकांवरून त्याची स्वतंत्र मुभा काढता येईल. फरक स्थिर असेल तर सोडायचा. सरकत असेल तर लहान असला तरी अडवायचा. हे मला करता येईल."

"मग इतके दिवस काय झोपला होतास?"

"मला असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. एक शंका आहे. ज्याचं मागचं काही ठाऊक नाही, अशा नव्या माणसाला किती मुभा द्यायची?"

आक्कांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. सासऱ्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्या स्वतः सोळाव्या वर्षी या घरात आल्या, तेव्हा त्यांचंही मागचं कुणाला ठाऊक नव्हतं. "पहिलं वर्ष जरा नुकसान सोसायचं," त्या अखेर म्हणाल्या. "माणूस कळायला तेवढं लागतंच. त्यापेक्षा बरं मला ठाऊक न्हाई. तुला सापडलं तर मला सांग."

काचेवर बारीक आकडे वाहत राहिले.

आता गुंडाप्पाचं नाव पतसाखळीतून काढायचं होतं, आणि ते इतकं सोपं नव्हतं. त्रिशलानं समजावलं. ज्या पेढीनं हरकत घेतली, तिनंच 'आमची हरकत चुकीची होती' असं लिहून द्यायचं. तसं लिहून दिलं, की त्या पेढीची स्वतःची पत सहा महिने एक पायरी खाली. मगदूम पेढी अव्वल होती. अव्वल पेढीचा माल परराज्यातले व्यापारी न तपासता उचलत. दुय्यम झाल्यावर प्रत्येक खोकं उघडून, मोजून घेणार.

"चूक तर त्यांचीही होती," त्रिशला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "अव्वल व्हायला मला दोन वर्षं लागली, आक्का."

आक्कांनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. सत्तर वर्षांत त्यांनी कधी कुणापुढे 'माझं चुकलं' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. नवऱ्यापुढे नाही, पोरांपुढे नाही. "तू दोन वर्षांत केलंस, ते पुन्हा सहा महिन्यांत करशील. तेवढी तू हायस. गावात कुठंच काम न्हाई, गुंडाप्पाला सहा महिने न्हाईत. आण, कुठं सही करायची?"

शाळा दुसरीतच सुटल्यामुळे सही करायला त्यांना वेळ लागायचा. काचेवर बोट टेकवून त्यांनी प काढला, मग जोडाक्षरात अडखळल्या, जीभ दातांत धरली, पुरं केलं. ताळणीसनं ते स्वीकारलं. पेढीच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला. त्रिशला त्याच्याकडे बघत राहिली, आणि आक्का चपला शोधू लागल्या.

गुंडाप्पाचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. दार उघडंच होतं. आत भट्टी गार पडलेली. कोपऱ्यात गुंडाप्पा जमिनीवर बसला होता. मूळचाच सडपातळ माणूस, आता गालफडं वर आली होती. त्याच्यापुढे घुंगरं पाडायचे ठसे मांडलेले. एकेक पुसून तो फडक्यात गुंडाळत होता.

"काय चाललंय?" आक्का उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

तो उठला नाही. "ठसे विकतोय. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार हाय. भंगाराच्या भावानं घेतोय, पण घेतोय."

"बापाचे ठसे?"

"बापाचेच. चोराच्या घरात शोभत न्हाईत ते." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमच्या नावानं निरोप आला, आक्का. माझ्या जावयासमोर वाजला फोन. एकतीस वर्षांत एक ग्रॅम इकडचा तिकडं केला न्हाई मी."

"यंत्रानं धाडला त्यो."

"खाली नाव कुणाचं हुतं?"

आक्का आत आल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. "नाव माझं हुतं. म्हणून मी आले. हरकत मागं घेतली, सही करून आले. उद्या कुठल्याही पेढीवर जा, काम देतील."

गुंडाप्पाच्या हातातला ठसा तसाच राहिला. "आणि तुमची पेढी?"

"ती खाली आली एक पायरी. येऊ दे. उतारवयात पायऱ्या कमीच बऱ्या."

तो हसला नाही, पण त्याच्या ओठांच्या कडा हलल्या. मग फडकं उलगडून त्यानं डोळ्यांना लावलं, आणि ते चांदीच्या धुळीनं काळं झालेलं आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. "आक्का, चूक माझीच हुती न्हवं? जावई म्हणत हुता. पाच पैसे कमी."

"हुती."

"मग आता?"

आक्कांनी हात पुढे करून त्याच्या गालावरचा काळा डाग आपल्या पदरानं पुसला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा, जरा जोरातच.

"पाच पैशाची मुभा तुला दिली, ती तू जिवंत हायस तोवर चालंल," त्या म्हणाल्या. "पण दोन महिने भट्टी गार ठिवलीस, अर्ध्या पोटानं बसलास, ठसे विकायला काढलेस, आणि चार गल्ल्या ओलांडून मला दोन शिव्या द्यायला आला न्हाईस. गुंडाप्पा, ही चूक मी कुठल्या मुभेत बसवू, तूच सांग."