न मारलेली गाठ

आत्या नाच आधी कापडावर बसवायची. चादरीएवढं सुती कापड म्हणजे मंच, निळा धावदोरा म्हणजे नाचणारीची वाट आणि एकेक टाका म्हणजे एकेक पाऊल. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवायची आणि नाच पुरा झाला की शेवटी गाठ मारायची. लोक त्या कापडांची प्रदर्शनं भरवत, तिच्या लेखी ते नुसते नाचच होते. ते नाच नाचणाऱ्या भाचीने कधी शेवट सुचवला की उत्तर ठरलेलं, "शेवट माझ्यावर सोड." सुंभ जळाला तरी पीळ जळायचा नाही, अशी बाई.

ती गेली तेव्हा एक नाच अर्धाच राहिला. निळी वाट मंचाच्या मध्यावर थांबलेली, तिथेच रिकामी सुई खोचलेली. प्रयोग उद्यावर आला, तेव्हा भाचीने मन घट्ट करून लाल दोऱ्याने स्वतःचा शेवट शिवला. सरळ पुढे, प्रेक्षकांसमोर, आणि गाठ. एकदा तरी शेवट भाचीचा असणार होता. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं.

सकाळच्या तालमीत पुढे जायच्या जागी तिचा पाय मुरगळला आणि ती डावीकडे झोकांडली. खोलीत परतली तर लाल टाके उसवलेले, दोरा रिळाला नीट गुंडाळलेला.

"काकू, तुम्ही उसवलंत?"

"मी?" कपडेपट सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या. "चष्मा दुरुस्तीला दिलाय, बाई. मला समोरचं दार दिसेना, टाके कुठले दिसायला!"

उंदीर दोरा कुरतडतात, गुंडाळून ठेवत नाहीत. भाचीने टाके पुन्हा घातले, कापड कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

दुपारी पाय पुन्हा डावीकडे वळले. या वेळी ती झोकांडली नाही. चालत गेली आणि कोपऱ्यात, पाठमोरी थांबली.

"मला नीट दिसलं नाही गं," काकू हळूच म्हणाल्या. "पण पावलांचा आवाज अगदी तिचाच."

भाची धावतच खोलीत आली. कुलूप जसंच्या तसं होतं.

तिने कापड उलगडलं. लाल टाका एकही नव्हता. निळी वाट मध्यावरून डावीकडे गेली होती. वाटेत एकच टाका वाकडा होता, सकाळी पाय मुरगळला तिथला.

वाट कोपऱ्यात थांबली होती. फक्त गाठ मारायची राहिली होती.

सुई तिथेच खोचलेली, निळा दोरा ओवलेला.

भाचीने दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

ते ओलं होतं.